गिट म्हणतं ‘इंडेक्स.लॉक आधीच आहे’: ती फाइल उडवण्याआधी हे वाचा

गिट वापरायला लागलात की हा एरर कधी ना कधी समोर येतोच. तुम्ही ‘गिट ॲड’ किंवा ‘गिट कमिट’ मारता आणि टर्मिनल उत्तर देतं: ‘फेटल: अनेबल टू क्रिएट .गिट/इंडेक्स.लॉक: फाइल एक्झिस्ट्स’. म्हणजे लॉक फाइल बनवता येत नाही, कारण ती आधीच तिथे आहे. गंमत अशी की तीच कमांड दहा सेकंदांनी पुन्हा मारली तर कधी कधी निमूट चालते. सकाळी तीनदा एरर, दुपारभर काहीच नाही, रात्री पुन्हा सुरू. कायमचं बिघडलेलं असेल तर शोधायला सोपं जातं. हे असं येऊन-जाऊन असलेलं दुखणं मात्र डोकं खातं.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फायनल इयरचे प्रोजेक्ट जमा करायची वेळ आली की गावाकडच्या ज्युनिअर मुलांचे फोन सुरू होतात. कोणी यवतमाळचा, कोणी पुसदचा, कोणी दारव्ह्याचा. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘दादा, कमिटच नाही होऊन राहिलं.’ दुसरं वाक्य जास्त धोकादायक असतं: ‘एक जण म्हणे, .गिट फोल्डरच डिलीट कर आणि पुन्हा क्लोन कर. करू का?’

नका करू. .गिट फोल्डर म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचा सगळा इतिहास. जे कमिट तुम्ही अजून पुश केलेले नाहीत, ते जगात फक्त त्या एका फोल्डरमध्ये असतात. नेट धड चालत नाही म्हणून आठ-आठ दिवस पुश न करणारी मुलं मला माहीत आहेत. त्यांनी हा सल्ला ऐकला तर एका छोट्याशा लॉक फाइलपायी आठ दिवसांचं काम जाईल.

म्हणून आज ही लॉक फाइल नीट समजून घेऊ. एक सूचना: या लेखात कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत टाइप करा. टिंब, डॅश आणि मधली जागा जशी दिसते तशीच ठेवा.

आधी धरमकाट्यावर जाऊ

कापसाच्या दिवसांत वणी, पांढरकवडा, यवतमाळ, कुठल्याही जिनिंगसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. आत धरमकाटा असतो आणि त्यावर एका वेळी एकच गाडी चढते. दोन ट्रॉल्या एकदम चढल्या तर जे वजन येईल ते कोणाच्या नावावर लिहायचं? म्हणून काट्यावर गाडी दिसली की मागचा थांबतो. काट्यावरची गाडी हेच लॉक.

आता काट्यावर गाडी असण्याची कारणं दोन. एक, वजन चालू आहे. मिनिटभरात गाडी उतरेल. दोन, गाडी तिथेच बंद पडली आणि ड्रायव्हर निघून गेला. पहिल्या वेळी वाट पाहायची. दुसऱ्या वेळी गाडी ढकलून बाजूला काढायची. पण ढकलण्याआधी सीटवर ड्रायव्हर आहे का, हे कोणीही शहाणा माणूस बघतोच.

गिटमध्ये नेमकी हीच पायरी लोक गाळतात. एरर दिसला की लॉक डिलीट. ड्रायव्हर बसलाय का, वजन चालू आहे का, काही पाहत नाहीत.

गिट आतून काय करतं

.गिट फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ नावाची एक फाइल असते. पुढच्या कमिटमध्ये काय काय जाणार, याची यादी तिच्यात असते. ‘गिट ॲड’ मारलं की ही यादी बदलते. दोन कमांडनी ती एकाच वेळी बदलली तर यादीचा चुथडा होईल. म्हणून गिट असं करतं:

१. आधी ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाइल बनवतं. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं की ही फाइल आधीपासून नसेल तरच बनव. तपासणं आणि बनवणं एकाच झटक्यात होतं, त्यामुळे दोघांना एकदम लॉक मिळणं शक्य नाही.

२. नवी यादी जुन्या इंडेक्समध्ये लिहीत नाही. ती त्या लॉक फाइलमध्येच लिहितं.

३. पूर्ण लिहून झालं की लॉक फाइलचं नाव बदलून ‘इंडेक्स’ करतं. जुनी यादी गेली, नवी आली, लॉकही संपलं.

ही पद्धत अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिटचा पहिला कोड टाकला, त्यातही हीच युक्ती होती. फक्त फोल्डरचं नाव तेव्हा.गिट नसून .डिरकॅश होतं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, लॉक मागे राहिलं असेल तर तिसरी पायरी झालेलीच नाही. म्हणजे तुमची जुनी इंडेक्स फाइल जशीच्या तशी शाबूत आहे. घाबरण्यासारखं काही नाही. दोन, हे सगळं साधारणपणे सेकंदाच्या छोट्या भागात उरकतं. म्हणून दोन गिट एकमेकांवर आदळणं हा वेळेचा योग असतो. कधी आदळतात, कधी नाही. एरर येऊन-जाऊन असतो तो यामुळे.

आणखी एक बारकावा. धरमकाट्यावर मागचा माणूस रांगेत थांबतो. इंडेक्सच्या बाबतीत गिट थांबत नाही. लॉक दिसलं की लगेच एरर देऊन परत फिरतं. ब्रँचच्या लॉकसाठी ते निदान १०० मिलिसेकंद प्रयत्न करतं, इंडेक्ससाठी तेवढंही नाही.

पहिली तपासणी: ओळीचा शेवट वाचा

‘अनेबल टू क्रिएट इंडेक्स.लॉक’ एवढं वाचून थांबू नका. त्यापुढचे शब्द खरं कारण सांगतात.

‘फाइल एक्झिस्ट्स’ असेल तर हा लेख त्याच्यासाठीच आहे.

‘पर्मिशन डिनाइड’ असेल तर लॉकचा संबंध नाही. बहुतेक वेळा आधी कधीतरी ‘सुडो’ लावून गिट चालवलेलं असतं आणि फोल्डरची मालकी रूट युजरकडे गेलेली असते.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असेल तर स्टोरेज भरलंय. मोबाइलवर हे फार होतं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढा, गिट आपोआप सुधारेल.

दुसरी तपासणी: अर्ध्या मिनिटाची परीक्षा

एरर आला की काहीही डिलीट न करता अर्धा मिनिट थांबा आणि तीच कमांड पुन्हा मारा.

चालली? मग ते लॉक जिवंत होतं. दुसरं कोणतं तरी गिट काम करत होतं, ते संपलं, तुमचा नंबर लागला. इथे डिलीट करण्यासारखं काही नव्हतंच. एरर पुन्हा पुन्हा येत असेल तर ते दुसरं गिट कोण, ते शोधायचं.

पाच मिनिटांनीही नाही चालली? मग दोन शक्यता. एखादं गिट खरोखरच अडून बसलंय, किंवा ते मेलं आणि लॉक मागे राहिलं.

येऊन-जाऊन येणाऱ्या एररवर लॉक डिलीट करणं हा उपाय का नाही, ते आता लक्षात आलं असेल. तुम्ही डिलीट करा किंवा करू नका, ते लॉक तसंही जाणारच होतं. डिलीट केल्यावर कमांड चालली म्हणून आपल्याला वाटतं की आपण दुरुस्त केलं.

दुसरं गिट कोण?

‘मी तर एकच कमांड मारली, दुसरं कोणी गिट चालवतच नाही’ असं प्रत्येक जण म्हणतो. तुम्ही चालवत नसाल, पण तुमच्या वतीने इतर प्रोग्रॅम चालवतात.

कोड एडिटर. व्हीएस कोड किंवा अँड्रॉइड स्टुडिओमध्ये बदललेल्या फाइलींचा रंग बदलतो ना? ते कळण्यासाठी एडिटर मागे गिटला विचारत राहतो. त्यात गिटची वेगळी एक्स्टेन्शन टाकली असतील तर विचारणारे वाढले.

‘गिट स्टेटस’. ही कमांड फक्त बघते, बदलत काही नाही, असं वाटतं. पण फाइली तपासताना इंडेक्समधली माहिती ताजी करून ठेवावी म्हणून ती लॉक घेते. तिला लॉक मिळालं नाही तर ती एरर न देता पुढे जाते. पण तिनेच लॉक धरलेलं असताना तुमचं ‘गिट ॲड’ आलं, तर एरर तुम्हाला येतो. तपासणी जितकी लांब, तितका वेळ लॉक धरलेलं. त्यामुळे छोट्या प्रोजेक्टमध्ये कधीच न दिसणारा एरर हजारो फाइलींच्या प्रोजेक्टमध्ये रोज दिसू शकतो. नोड मॉड्यूल्स किंवा बिल्डचं फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाकायचं राहिलं असेल तर आणखीच.

उघडा राहिलेला एडिटर. नव्या मुलांमध्ये हे सगळ्यात जास्त. ‘गिट कमिट -ए’ मारलं आणि मेसेज दिला नाही, तर गिट मेसेज लिहायला एडिटर उघडतं. बऱ्याचदा तो विम असतो. बाहेर कसं पडायचं ते कळत नाही, म्हणून तो तसाच सोडून दुसरी विंडो उघडली जाते आणि तिथे कमांड मारली की लॉकचा एरर. कारण पहिलं गिट अजून मेसेजची वाट पाहतंय, लॉक हातात धरून. पहिल्या विंडोत परत जा, एस्केप दाबा, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. मेसेज लिहायचाच नसेल तर डब्ल्यू, क्यूऐवजी क्यू आणि उद्गारचिन्ह. लॉक आपोआप सुटेल.

एकाच वेळी धावणाऱ्या स्क्रिप्ट. कमिटच्या आधी कोड नीटनेटका करणारे हुक, सगळं एकदम चालवणारी बिल्ड स्क्रिप्ट, दर मिनिटाला आपोआप कमिट करणारी बॅकअप स्क्रिप्ट. यात दोन ‘गिट ॲड’ समांतर सुटले की कधीतरी आदळणारच. आजकाल कोड लिहून देणारे एआय सहायकही मागच्या मागे गिट चालवतात. दोन सहायक एका फोल्डरवर सोडले की हा एरर हमखास.

ड्राइव्ह सिंक. प्रोजेक्ट वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये असेल, तर सिंक करणारा प्रोग्रॅम .गिटच्या आतल्या फाइलीही उचलतो. विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेल्या फाइलचं नाव बदलताना किंवा ती पुसताना गिट अडतं. कधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं जुनं लॉकच सिंक होऊन इकडे येतं. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये जोडलेले असू शकतात, हे अनेकांना माहीतच नसतं. गिटचा प्रोजेक्ट सिंकच्या फोल्डरबाहेर ठेवा. त्याची दुसरी प्रत हवी असेल तर त्यासाठी पुश आहेच.

मोबाइलवर टर्मक्स वापरता? मग हे खास तुमच्यासाठी

कंट्रोल-सी दाबून तुम्ही गिट थांबवलं तर ते जाता जाता स्वतःचं लॉक पुसून जातं. सभ्य प्रोग्रॅम आहे. पण आवराआवर करायला वेळच मिळाला नाही तर? लॅपटॉपची बॅटरी खराब असते, प्लग लावूनच चालतो, आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. कमिट चालू असताना लाइन गेली की लॉक मागे राहिलं. हे गाडीतून ड्रायव्हर गायब होणं.

मोबाइलला लाइनची भीती नाही, पण त्याचा वेगळा त्रास आहे. अँड्रॉइड १२ पासून फोनमध्ये एक नियम आला: ॲपनी सुरू केलेल्या उप-प्रोसेस सगळ्या ॲप मिळून ३२ पेक्षा जास्त झाल्या की सिस्टिम त्यातल्या काही मारून टाकते. मागे बसून जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेसही मारते. या प्रोसेसना अँड्रॉइड ‘फँटम प्रोसेस’ म्हणतं. टर्मक्समध्ये तुम्ही जे काही चालवता ते सगळं अशाच उप-प्रोसेसमध्ये चालतं. टर्मक्सने ‘प्रोसेस कम्प्लिटेड, सिग्नल ९’ असं दाखवलं तर समजा फोनने मारलंय. सिग्नल ९ म्हणजे जागेवर ठार. लॉक पुसायची संधीच नाही.

म्हणून मोबाइलवर हा एरर येऊन-जाऊन दिसतो. फोन मोकळा असताना सगळं नीट. मागे गाणी, गेम, ब्राउझर चालू असताना तुम्ही मोठं बिल्ड सोडलं की गिट मरतं. यावर करायच्या गोष्टी:

१. टर्मक्ससाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा.

२. मोठं काम चालू असताना ‘टर्मक्स-वेक-लॉक’ ही कमांड द्या. नावात लॉक असलं तरी हे वेगळं लॉक आहे. ते फोनला झोपू देत नाही. फँटम प्रोसेसचा नियम त्याने जात नाही, पण स्क्रीन बंद झाल्यावर अर्ध्यात अडकणारं काम पुढे सरकतं.

३. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स’ अशी सोय आहे. टर्मक्सवर रोज काम करत असाल तर ती चालू करा.

४. गिट चालू असताना रिसेंट्समधून ‘क्लिअर ऑल’ मारू नका.

५. प्रोजेक्ट टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, फोनच्या शेअर्ड स्टोरेजमध्ये नको. तिथे सिमलिंक बनत नाहीत, फाइलला एक्झिक्युटची परवानगी देता येत नाही आणि फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचं दिसतं म्हणून गिट वेगळीच कुरकुर करतं.

येऊन-जाऊन येणाऱ्याला पकडायचं कसं

आता खरी युक्ती. दुसरं गिट अर्ध्या सेकंदात येऊन निघून जातं. तुम्ही टास्क मॅनेजर उघडेपर्यंत ते गेलेलं असतं. अशा पाहुण्यासाठी दारात रजिस्टर ठेवायचं. गिट २.२२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही सोय गिटमध्येच आहे.

कमांड अशी: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल ट्रेस२.नॉर्मलटार्गेट’ आणि त्यापुढे एका टेक्स्ट फाइलचा पूर्ण पत्ता. यानंतर त्या मशीनवर तुमच्या युजरखाली जे कोणतं गिट चालेल, तुम्ही चालवलेलं असो की एडिटरने, त्याची नोंद वेळेसकट त्या फाइलमध्ये होते. नव्या आवृत्त्यांमध्ये बऱ्याच मशीनवर त्याला कोणत्या प्रोग्रॅमने बोलावलं, तेही दिसतं.

आता नेहमीसारखं काम करा. एरर आला की घड्याळ पाहा आणि फाइलमध्ये त्या सेकंदाच्या आसपासच्या ओळी वाचा. तुमच्या ‘ॲड’च्या आधी कोणाचं ‘स्टेटस’ किंवा ‘कमिट’ सुरू झालं आणि अजून संपलं नव्हतं, ते समोर येतं. तोच तुमचा पाहुणा.

काम झालं की हेच ‘--अनसेट’ लावून बंद करा: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट ट्रेस२.नॉर्मलटार्गेट’. नाहीतर ती फाइल फुगत जाईल.

पाहुणा सापडल्यावर बंदोबस्त सोपा आहे. एखादं एक्स्टेन्शन असेल तर बंद करा. एकाच फोल्डरवर दोन एडिटर उघडे असतील तर एक ठेवा. तुमचीच स्क्रिप्ट सारखी स्टेटस विचारत असेल तर तिच्यात ‘गिट --नो-ऑप्शनल-लॉक्स स्टेटस’ असं लिहा. २०१७ मधल्या गिट २.१५ पासून हा पर्याय आहे. मग स्टेटस फक्त बघतं, लॉक घेत नाही. समांतर सुटणारे ‘गिट ॲड’ एकामागून एक करा. आणि एकाच प्रोजेक्टवर खरोखर दोन कामं एकदम चालवायची असतील तर ‘गिट वर्कट्री ॲड’ने दुसरं फोल्डर बनवा. इतिहास एकच राहतो, पण प्रत्येक फोल्डरला स्वतःचं इंडेक्स आणि स्वतःचं लॉक मिळतं. एका जिनिंगला दुसरा काटा बसवल्यासारखं.

मेलेलं लॉक काढायची रीत

थांबूनही लॉक गेलं नाही, तर या क्रमाने जा.

१. त्या प्रोजेक्टचे एडिटर, टर्मिनल, गिटचे ॲप सगळे बंद करा. विम उघडा राहिलाय का ते पाहा.

२. गिट अजून चालू आहे का ते तपासा. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘गिट’ नावाची प्रोसेस शोधा. लिनक्स, मॅक आणि टर्मक्सवर ‘पीएस एयूएक्स’ चालवा आणि यादीत गिट दिसतं का बघा. दिसलं तर संपू द्या. अडकलेलंच असेल तर आधी साध्या पद्धतीने बंद करा. सिग्नल ९ हा शेवटचा उपाय.

३. लॉकची वेळ पाहा. ‘एलएस -एल’ आणि पुढे लॉकचा पत्ता. पत्ता एररमध्ये पूर्ण लिहिलेला असतो, तोच घ्या. काल रात्री लाइन गेली त्या वेळेचं लॉक असेल तर ते मेलेलं. आत्ता दोन सेकंदांपूर्वीचं असेल तर कोणीतरी जिवंत आहे. पायरी २ वर परत जा.

४. आता फक्त ती एक फाइल काढा: ‘आरएम .गिट/इंडेक्स.लॉक’. नावात तारा-चिन्ह नको, ‘-आरएफ’ नको. विंडोज ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार देत असेल तर तो नकार ऐका. तिला अजून कोणीतरी धरून आहे.

५. ‘गिट स्टेटस’ चालवा. शेवटचं ‘ॲड’ अर्धवट राहिलं असेल तर पुन्हा करा. लाइन जाऊन मशीन बंद पडलं असेल तर एकदा ‘गिट एफएससीके’ही चालवा. ते इतिहासातल्या वस्तू शाबूत आहेत का ते तपासतं.

जिवंत लॉक काढलं तर काय होतं?

समजा पहिलं गिट काम करतंय आणि तुम्ही त्याचं लॉक पुसलं. दुसरं गिट आलं, त्याला मैदान मोकळं दिसलं, त्याने स्वतःचं नवं इंडेक्स.लॉक बनवलं आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात पहिल्याचं काम संपलं. त्याला वाटतं इंडेक्स.लॉक आपलंच आहे. ते त्याचं नाव बदलून इंडेक्स करतं. म्हणजे दुसऱ्याने अर्धवट लिहिलेली यादी आता तुमचं खरं इंडेक्स झाली. पुढच्या कमांडला ‘इंडेक्स फाइल करप्ट’ असा एरर येऊ शकतो.

असं झालं तरी .गिट फोल्डर उडवायचं कारण नाही. सगळे एडिटर आणि टर्मिनलमधली कामं बंद करा, .गिटमधल्या ‘इंडेक्स’ फाइलचं नाव बदलून ‘इंडेक्स.जुना’ असं काही ठेवा आणि ‘गिट रीसेट’ मारा, पुढे काहीही न लावता. ‘--हार्ड’ चुकूनही नको. त्याने तुमचे न जपलेले बदल पुसले जातील. साधं रीसेट शेवटच्या कमिटवरून नवी यादी बनवतं, तुमच्या कोडच्या फाइलींना हात लावत नाही. फक्त काय काय ॲड केलं होतं ते पुन्हा ॲड करावं लागतं. कमिट सगळे जागच्या जागी असतात.

लॉकसारखा दिसणारा चुलतभाऊ

‘कॅनॉट लॉक रेफ’ असाही एक एरर येतो, बहुतेक फेच किंवा पुल करताना. यात लॉक शब्द आहे म्हणून लोक लॉक फाइल शोधत बसतात. बऱ्याचदा भांडण नावांचं असतं. ‘लॉगिन’ नावाची ब्रँच आधी होती, ती मित्राने गिटहबवरून काढली आणि ‘लॉगिन/ओटीपी’ नावाची नवी बनवली. तुमच्याकडे जुनी नोंद ‘लॉगिन’ नावाची फाइल म्हणून आहे, आता त्याच नावाचं फोल्डर कसं बनणार? ‘गिट फेच --प्रून’ मारा. मेलेल्या नोंदी निघतात आणि वाट मोकळी होते. विंडोज आणि मॅकवर फाइलींच्या नावात मोठं-छोटं अक्षर सहसा एकच मानलं जातं, त्यामुळे फक्त अक्षराच्या आकाराने वेगळ्या असलेल्या दोन ब्रँचही असंच भांडतात. ग्रुपमध्ये ठरवून टाका: ब्रँचची नावं छोट्या लिपीतच.

एवढं लक्षात ठेवा

अर्धा मिनिट थांबून गेला तो एरर म्हणजे दुसरं गिट जिवंत आहे, त्याला शोधा. थांबूनही गेला नाही तर ड्रायव्हर आहे का बघा, नसेल तर ती एकच फाइल काढा. .गिट फोल्डरला कुठल्याही परिस्थितीत हात लावायचा नाही.

आणि रोज संध्याकाळी, नेट जरा बरं असेल तेव्हा, एक पुश. डेटा पॅक उरलेला असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. मग लाइन जाऊ दे, फोन गिट मारू दे, लॉक कितीही अडू दे. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री तुम्ही फार तर एका दिवसाचं काम पुन्हा कराल, आठ दिवसांचं नाही.